फोटो भिंतीवर लावायची 'सुधारित' पद्धत: पण कशापेक्षा सुधारित?



पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. या टप्प्यावर बहुतेकांच्या शीर्षकात एक शब्द हमखास येतो: 'सुधारित'. सुधारित पद्धत, सुधारित मटेरियल, सुधारित मॉडेल. मग आर.आर.सी.च्या बैठकीत पहिलाच प्रश्न येतो, "कशापेक्षा सुधारित? आणि कोणत्या बाबतीत?" इथे अनेकांची गाडी अडते.

आज हाच प्रश्न एका घरगुती वस्तूवर सोडवून बघू या. वस्तू म्हणजे भिंतीवरची तसबीर. फोटो प्रिंट फ्रेममध्ये बसवण्याची आणि भिंतीवर लावण्याची आपली नेहमीची पद्धत आहे, तिच्यापेक्षा चांगली पद्धत तयार करायची असेल तर संशोधक म्हणून सुरुवात कुठून करायची? एम.एस्सी.पर्यंतचं रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र त्यासाठी पुरतं.

हाच विषय का?

आमच्या नायगाव भागात, आणि एकूणच नांदेड-लातूरकडे, जुन्या घराच्या बैठकीत शिरलं की दारावरच्या भिंतीला ओळीने तसबिरी दिसतात. आजोबा, पणजी, कुणाचं तरी लग्न, शाळेचा ग्रुप फोटो. यातल्या पुष्कळ फोटोंची दुसरी प्रत कुठेच नसते. ज्या स्टुडिओत फोटो काढला तो बंद झालेला, निगेटिव्ह कधीच गेलेली. भिंतीवर आहे तेवढीच प्रत. आणि ती दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत असते. कडा तपकिरी पडतात, चेहऱ्यावर चमकदार चट्टे येतात, फोटो काचेला चिकटतो.

घरचे म्हणतात, "जुना झाला, चालायचंच." पण पुष्कळदा असं दिसतं की त्याच काळातला, त्याच स्टुडिओतला दुसरा एखादा फोटो काळ्या पानांच्या अल्बममध्ये बटर पेपरखाली अजून बरा असतो. वय दोघांचं सारखं, मग फरक कशाने पडला? वयाने नाही, तर जागेने आणि बसवण्याच्या पद्धतीने पडला असणार. ही झाली आपली पहिली नोंद. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा असाच सापडतो: दोन गोष्टी सारख्या असायला हव्या होत्या, पण त्या सारख्या नाहीत.

आधी काय झालंय ते बघू

साहित्याचा आढावा म्हणजे नुसती पेपरांची यादी नसते. हा प्रश्न आधी कुणाला पडला होता आणि त्याने काय केलं, हे त्यात शोधायचं असतं.

१८५० साली फ्रान्समध्ये ब्लँकार-एव्हरार याने अल्ब्युमेन प्रिंटची पद्धत मांडली. पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर आणि त्यात चांदीची प्रतिमा. हे प्रिंट सुटे ठेवले की गुंडाळी व्हायची, म्हणून ते जाड कार्डावर चिकटवण्याची रीत पडली. आपला नांदेड-लातूरचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळातले प्रिंटही असे कार्डावर चिकटवलेलेच असत.

म्हणजे 'माउंट' हा सजावटीसाठी आलेला प्रकार नाही. तो एका अडचणीवरचा उपाय होता. पण त्याच उपायाने पुढे नवी अडचण निर्माण केली. अनेक कार्डांच्या आत हलक्या प्रतीचा लगदा होता. काळाबरोबर कार्ड आम्लधर्मी आणि ठिसूळ झालं, कोपरा मोडला की फोटोही मोडला. चिकटवलेला असल्यामुळे फोटो वेगळा करता येईना.

यातून संग्रहालयांनी एक नियम घेतला: जे कराल ते उलटवता आलं पाहिजे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटोच्या आत काय असतं

आपल्याकडच्या भिंतींवरचे जुने कृष्णधवल फोटो बहुतेक जिलेटिन-सिल्व्हर प्रकारचे आहेत. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर, त्यावर जिलेटिन आणि जिलेटिनमध्ये चांदीचे सूक्ष्म कण. रंगीत फोटोंमध्ये चांदीच्या जागी तीन रंगद्रव्यं असतात: निळसर-हिरवं सायन, मॅजेंटा आणि पिवळं. नंतरच्या फोटोंमध्ये कागदावर प्लास्टिकचा म्हणजे पॉलिइथिलीनचा लेप आला. पण वरचा थर जिलेटिनचाच राहिला.

जिलेटिन हे प्रथिन आहे, जनावरांच्या हाडं-कातड्यापासून काढलेलं. ते हवेतलं पाणी ओढतं, फुगतं आणि मऊ होतं. हवा कोरडी झाली की आकसतं. सापेक्ष आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की ते चिकट होण्याच्या मार्गाला लागतं. आता आपलं हवामान आठवा. मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, आणि श्रावणात ८० टक्क्यांच्या वर. आपल्या फोटोंना दरवर्षी या दोन टोकांमध्ये एक फेरी मारावी लागते.

नेहमीची फ्रेम आणि तिचे पाच आजार

नेहमीची फ्रेम कशी असते? पुढे काच, काचेला टेकलेला फोटो, मागे पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड, चुका मारून घट्ट बसवलेला, आणि सगळं मिळून भिंतीला चिकटून. आता एकेक बिघाड घेऊन त्याचं कारण शोधू.

*पहिला, काचेला चिकटणं.* जुन्या स्टुडिओवाल्यांना विचारा, फोटोला चकाकी कशी आणायचे? ओला प्रिंट गुळगुळीत क्रोम पत्र्यावर किंवा काचेवर दाबून वाळवायचे. वाळला की टक्कन सुटायचा आणि पत्र्याची चकाकी जिलेटिनवर उतरलेली असायची. याला ग्लेझिंग म्हणत. आपली फ्रेम दर पावसाळ्यात नकळत हेच करते: मऊ झालेलं जिलेटिन काचेवर दाबलं जातं आणि दिवाळीनंतर तिथेच वाळतं. फरक इतकाच की इथे फोटो टक्कन सुटत नाही. काही ठिकाणी नुसता चकचकीत चट्टा पडतो, काही ठिकाणी जिलेटिन काचेलाच धरून बसतं.

*दुसरा, मागचा पुठ्ठा.* हलक्या पुठ्ठ्यात लिग्निन असतं. त्याच्या विघटनातून आम्लं आणि पेरॉक्साइडं तयार होतात. हार्डबोर्ड, प्लायवूड आणि एमडीएफमधूनही आम्लधर्मी वाफा येत राहतात. पेरॉक्साइड चांदीच्या कणाचं ऑक्सिडीकरण करतं, चांदीचा आयन ओलसर जिलेटिनमधून पृष्ठभागाकडे सरकतो आणि तिथे पुन्हा चांदी होऊन बसतो. जुन्या फोटोच्या काळ्या भागावर तिरक्या उजेडात जी आरशासारखी झाक दिसते, ती हीच.

*तिसरा, उजेड.* संग्रहालयात नाजूक वस्तूंसाठी साधारण ५० लक्स प्रकाश ठेवतात. रोज १० तास धरले तर वर्षाला ५० × १० × ३६५ म्हणजे १,८२,५०० लक्स-तास. आपल्याकडे भर उन्हाचा प्रकाश साधारण १,००,००० लक्स असतो. म्हणजे खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप फोटोवर दोन तास पडली, तर संग्रहालयातल्या जवळजवळ वर्षभराचा उजेड एका दुपारी मिळाला. साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते, आणि रंगद्रव्यं दृश्य प्रकाशानेही विटतात.

*चौथा, भिंत.* बाहेरच्या बाजूची भिंत पावसात ओली होते आणि खोलीपेक्षा थंड राहते. समजा खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. हवेतली वाफ तेवढीच ठेवून तीच हवा २७ अंशाच्या भिंतीजवळ गेली, तर तिथली आर्द्रता सुमारे ९५ टक्के होते. ओल खोलीत जाणवत नाही, पण फ्रेमच्या पाठीला ती असते. कसर आणि बुरशी पाठीमागूनच सुरू होते ती यामुळे.

*पाचवा, चिकटवणं.* फेव्हिकॉल, सेलोटेप, आणि अलीकडे एमडीएफच्या फळीवर फोटो चिकटवून वरून प्लास्टिकची फिल्म, म्हणजे ज्याला सगळे 'लॅमिनेशन' म्हणतात. दिसायला छान, पुसायला सोपं. पण फोटो कागदाचा, फळी लाकडाच्या भुश्याची, फिल्म प्लास्टिकची. तिघंही ओल आणि उष्णता वेगवेगळ्या प्रमाणात घेतात, म्हणून पोपडे येतात. आणि मघाचा नियम आठवा: हे उलटवता येत नाही. नवीन प्रिंटचं लॅमिनेशन करायला हरकत नाही, एकमेव जुन्या प्रतीचं करू नये.

बघा, आता 'सुधारित' या एका शब्दाचे पाच मोजता येण्याजोगे प्रश्न झाले. फोटो चिकटतो का, चांदी सरकते का, रंग किती विटतो, आतली आर्द्रता किती चढते, आणि फोटो इजा न होता परत काढता येतो का.

पाणी नेमकं कुठे साठतं?

रचना करण्याआधी एक हिशोब करू, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ३० सेंटिमीटर × ४० सेंटिमीटरची फ्रेम घ्या. काच आणि फोटो यांच्यात ३ मिलिमीटरची पोकळी. आतली हवा झाली ३६० मिलिलीटर. ३० अंशाला हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ८० टक्के आर्द्रतेला आपल्या पोकळीत वाफ असेल साधारण ९ मिलिग्रॅम.

आता मागे त्याच मापाचा दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आहे, वजन अंदाजे १२५ ग्रॅम. कागदी पुठ्ठ्यातलं पाणी आर्द्रता ५० वरून ८० टक्क्यांवर गेली की ढोबळमानाने वजनाच्या ४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ५ ग्रॅम. ९ मिलिग्रॅम कुठे आणि ५ ग्रॅम कुठे! फ्रेममधली आर्द्रता हवा ठरवत नाही, पुठ्ठा ठरवतो. पुठ्ठा म्हणजे फ्रेमचा रांजण समजा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, काच-माउंट-फोटो-पुठ्ठा हा संच कडेने टेप लावून बंद केला, तर बाहेरच्या दिवस-रात्रीच्या चढउतारांचा आत फारसा परिणाम होणार नाही, पुठ्ठा ते पचवेल. दोन, चार महिन्यांचा पावसाळा मात्र तो पचवू शकणार नाही, हळूहळू आतही ओल चढेल. म्हणून संच कधी बंद करता याला महत्त्व आहे. श्रावणात बंद केलात तर ५ ग्रॅम जास्तीचं पाणी आतच कोंडलं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की पुठ्ठा चार-आठ दिवस खोलीत उघडा ठेवून मग बंद करा. हे साहित्य न बदलता, एक रुपयाही जास्त खर्च न करता करता येतं.

आता रचना

समोरून मागे जाऊ.

काच साधी चालेल, पण फोटोपासून दूर. त्यासाठी खिडकी कापलेला पुठ्ठा, ज्याला फ्रेमवाले माउंट म्हणतात, तो काच आणि फोटोच्या मध्ये घालायचा. कडेने का होईना, २-३ मिलिमीटर अंतर पडलं पाहिजे. आधीच्या पाच आजारांपैकी सगळ्यात गंभीर आजार या एका बदलाने टळतो. फ्रेमवाल्याला एवढंच सांगा, "काच फोटोला लागली नाही पाहिजे."

फोटो चिकटवायचा नाही. जुन्या अल्बममधले फोटो कॉर्नर आठवतात ना? चांगल्या कागदाच्या घड्या घालून तसे चार कोपरे करायचे, ते पुठ्ठ्याला चिकटवायचे आणि फोटो त्यात सरकवायचा. गोंद फोटोला लागतच नाही. फोटो उन्हाळ्यात आकसला, पावसाळ्यात फुगला तरी त्याला हलायला जागा राहते.

माउंट आणि मागचा पुठ्ठा लिग्निन नसलेला हवा. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतंच, म्हणून संग्रहालयं कापसाचा पुठ्ठा वापरतात. 'नांदेड-४४' या कपाशीच्या वाणाने ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी केलं, तिथल्या मुलांना कापसाचं कौतुक सांगायला नको. चिंध्यांपासून हातकागद करण्याची परंपराही मराठवाड्यात आहे, दौलताबादजवळचं कागजीपुरा त्यासाठीच ओळखलं जातं. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची. पण हातकागद आहे म्हणून तो आम्लमुक्तच असेल, असं गृहीत धरू नका. कागदावर शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ वापरली असेल तर तो आम्लधर्मी निघू शकतो. तपासून घ्या.

तपासणी आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होते. कागदाचे १ ग्रॅम बारीक तुकडे ७० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर ठेवा आणि पीएच मोजा. ७ किंवा थोडा वर हवा. लिग्निनसाठी फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. लालसर-जांभळा डाग आला तर लिग्निन आहे, तो पुठ्ठा बाजूला ठेवा.

पुठ्ठ्यामागे पॉलिएस्टरची पारदर्शक शीट, भिंतीकडून येणारी ओल अडवायला. पीव्हीसी नको. शेवटी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे किंवा लाकडाचे एक सेंटिमीटर जाडीचे ठोकळे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल.

आपले जुने लोक तसबीर वरून पुढे झुकवून लावायचे, तेही यात बसतं. पाठीमागे हवा खेळते, शिवाय काच १५ अंशांनी झुकली की परावर्तित किरण ३० अंशांनी वळतो, त्यामुळे समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यात येत नाही. कारण कुणी लिहून ठेवलं नसेल, पण रीत मोडीत काढण्याआधी ती काय काम करते हे बघावं.

एकेक बदल तपासायचा की सगळे मिळून?

आता खरी संशोधनाची गोष्ट. आपल्याकडे तीन मुख्य बदल आहेत: पोकळी, चांगला पुठ्ठा, बंद कडा. आपल्याला शाळेपासून शिकवलं जातं की एका वेळी एकच घटक बदला. इथे तसं केलं तर काय होईल बघा.

जुना हलका पुठ्ठा तसाच ठेवून फक्त कडा बंद केल्या. पुठ्ठ्यातून निघणारी आम्लं आणि पेरॉक्साइडं आता बाहेर जाऊ शकत नाहीत, आतच कोंडतात. फोटो आधीपेक्षा लवकर खराब होऊ शकतो. तुमचा निष्कर्ष निघेल, 'कडा बंद करणं वाईट.' पण चांगला पुठ्ठा असताना तेच कडा बंद करणं उपयोगाचं आहे. म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून आहे. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात, आणि एका वेळी एकच घटक बदलणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

म्हणून फॅक्टोरियल रचना करायची. तीन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या: २ × २ × २ म्हणजे ८ प्रकारच्या फ्रेमी. प्रत्येकीच्या ३ प्रती, एकूण २४. त्यातला 'पोकळी नाही, हलका पुठ्ठा, उघड्या कडा' हा प्रकार म्हणजे आपली नेहमीची फ्रेम. तोच कंट्रोल. 'कशापेक्षा सुधारित?' या प्रश्नाचं उत्तर त्या तीन फ्रेमींमध्ये आहे. कंट्रोलशिवाय 'सुधारित' हा शब्द लिहूच नका.

या २४ फ्रेमी कोणत्या भिंतीवर कुठे लावायच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर सगळ्या चांगल्या फ्रेमी नकळत कोरड्या भिंतीवर जातील. दोन भिंती वापरत असाल तर आठही प्रकार दोन्ही भिंतींवर असू द्या.

नमुना म्हणून कुणाच्याही घरचा जुना फोटो घ्यायचा नाही. एकाच दिवशी, एकाच मशीनवर काढलेले सारखे प्रिंट घ्यायचे. आतली आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर चालतो, पण आधी त्याचं कॅलिब्रेशन करा. बंद डब्यात वाटीभर मीठ थोड्या पाण्याने ओलं करून ठेवलं, की काही तासांत डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हायग्रोमीटर ७९ दाखवत असेल तर ४ ची चूक आहे, नोंदवून ठेवा. घरातल्या मिठाने करता येणारं हे कॅलिब्रेशन प्रबंधातही लिहिता येतं.

रंगातला बदल 'डोळ्यांना वाटतो' म्हणून लिहू नका. एकाच स्कॅनरवर, ऑटो करेक्शन बंद ठेवून, शेजारी तीच राखाडी पट्टी ठेवून दर तीन महिन्यांनी स्कॅन करा. आणि डोळ्यांनी तपासायचंच असेल, तर तपासणाऱ्याला कोणता फोटो कोणत्या फ्रेममधला हे सांगू नका.

वीस वर्षं थांबायचं का?

फोटो खराब व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, पीएच.डी. तेवढी चालत नाही. चालू नये तरी. म्हणून प्रवेगित चाचणी करतात. अरहेनियसच्या समीकरणात सक्रियण ऊर्जा ९० किलोजूल प्रति मोल धरली, तर ३० वरून ४० अंशांवर गेल्यावर अभिक्रियेचा वेग सुमारे तिप्पट होतो. (पत्र्याच्या घरातल्या फोटोंचं काय होत असेल, याचाही अंदाज इथेच येतो.)

साहित्य तपासण्यासाठी दोन चाचण्या माहीत असू द्या. पहिली ऑडी टेस्ट, ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेली. बंद नळीत नमुना, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे घासून स्वच्छ केलेले तुकडे ठेवायचे, ६० अंशाला २८ दिवस. शिशावर पांढरं आलं तर सेंद्रिय आम्लं, चांदी काळवंडली तर गंधकाची संयुगं. ओव्हन असलेल्या कोणत्याही विभागात हे करता येतं. दुसरी फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट, आयएसओ १८९१६. तीत कागद, पुठ्ठा किंवा गोंद खास चांदीच्या थराला लावून ७० अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि थर विटतो किंवा डागाळतो का ते मोजतात.

ऑडी टेस्ट पास झालेला पुठ्ठा फोटोसाठी सुरक्षित आहेच, असं म्हणता येत नाही. ती वाफा तपासते, आणि तेही धातूंवर. फोटोला चिकटून असणाऱ्या पुठ्ठ्यासाठी दुसरी चाचणी जास्त योग्य. तुमची चाचणी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते की शेजारच्या प्रश्नाचं, हे व्हायव्हात विचारलं जातं. तसंच, चिकटण्याची चाचणी तापमान वाढवून 'लवकर' करता येत नाही. जास्त तापमानाला जिलेटिनचं वागणंच बदलतं. तिथे एक खराखुरा पावसाळा थांबावं लागतं.

हार कुठे घालायचा?

प्रयोगशाळेत जिंकलेली रचना घरात हरते ती इथे. आपल्याकडे तसबीर नुसती बघायची वस्तू नसते. पुण्यतिथीला तिला ताज्या फुलांचा हार घातला जातो, काचेला गंध-कुंकू लावतात, समोर उदबत्ती लागते. हाराचं पाणी ओघळून खालच्या पट्टीत साठतं आणि फोटो खालच्या कडेने आधी जातो. 'हार घालू नका' हा संशोधकाचा उपाय असू शकत नाही. असं सांगितलं तर आजी हार घालेल आणि आपली फ्रेम काढून ठेवेल!

मग फ्रेमच्या वर, भिंतीतच हारासाठी वेगळी खुंटी द्या, म्हणजे हार फ्रेमच्या पुढे थोडा सुटा लटकेल. खालच्या पट्टीच्या खोबणीत काच बसते तिथे टेप नीट बंद करा. उदबत्तीचा धूर थेट खालून जाणार नाही, एवढं बघा. वापरणाऱ्याची रीत ही अडचण म्हणून न मांडता रचनेची अट म्हणून मांडायची. तुमचा विषय खतं असो, सेन्सर असो की ॲप, हे तसंच लागू पडतं.

आणि मुळात मूळ प्रत लावायचीच का?

हा प्रश्न परीक्षक विचारण्याआधी आपणच विचारायचा. मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून, त्याची चांगली प्रत भिंतीवर आणि मूळ प्रत आम्लमुक्त पाकिटात, आतल्या कोरड्या खोलीतल्या कपाटात. उजेड, ओल, हार सगळेच प्रश्न एकदम संपतात. जतनाच्या दृष्टीने ही पद्धत आपल्या सगळ्या फ्रेमींना हरवते. म्हणून तुमच्या तुलनेत ती असायलाच हवी, नाहीतर तुम्ही सोप्या प्रतिस्पर्ध्याला हरवून बक्षीस घेतलं असं होईल.

तरीही काही घरांना मूळच हवा असतो. आजोबांच्या हातचा, स्टुडिओचा उमटवलेला शिक्का असलेला. त्या घरांसाठी आपली रचना आहे. कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे लिहिलं की दावा लहान होतो, पण टिकतो.

फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर?

ओढू नका. पाणी, वाफ, हेअर ड्रायर काहीही लावू नका. ओढला की जिलेटिन प्रतिमेसकट काचेवर राहतं आणि हातात पांढरा कागद येतो. चुका हळूच काढा, मागचा पुठ्ठा निघत असेल तर काढा, आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर ठेवून काचेतूनच स्कॅन करा. जिथे तो पूर्ण चिकटलेला आहे तिथे स्कॅन उलट चांगला येतो, कारण मध्ये हवेचा थर नसतो. नंतर काचेसकटच सपाट, कोरड्या जागी ठेवा. सोडवण्याचं काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञाचं आहे.

हे काम पावसाळ्यानंतर ढकलू नका, कारण पुढचा पावसाळा आणखी थोडं चिकटवणार आहे. या सुट्टीत गावाकडे गेलात की घरातल्या तसबिरी खाली उतरवून एवढंच बघा: काच फोटोला टेकली आहे का, पाठीला ओल आहे का, पुठ्ठा तपकिरी झाला आहे का. आधी स्कॅन करा, दुरुस्ती नंतर. आणि फोटोत कोण आहे ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लगेच लिहून घ्या, फोटोच्या पाठीवर पेनने नाही, वेगळ्या कागदावर.

सिनॉप्सिसवाल्यांसाठी गृहपाठ: तुमच्या शीर्षकातला 'सुधारित' शब्द खोडा. त्याच्या जागी तीन गोष्टी लिहा: कशापेक्षा, कोणत्या मापाने, कोणत्या परिस्थितीत. तिन्ही लिहिता आल्या, तर तुमचा विषय तयार आहे.